निळ्याचा हिरवा, हिरव्याचा विटकरी

लाल पावलं

ज्या दिवशी माझं दुखणं उघडकीला आलं, त्या दिवशी सकाळी मी बायकोवर ओरडत होतो. पुसदेत आमचं रंगाऱ्याचं दुकान. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणात दोन भट्ट्या आणि वाळवणाच्या दोऱ्या. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीचा चैत्र होता. रंगात घालायचं पांढरं कापड मी अंगणात पसरून ठेवलं होतं आणि त्याच्यावर मधोमध लाल पावलं उमटली होती. गिऱ्हाइकाचं कापड, माझं डोकंच फिरलं.

"लाल रंग कोनं सांडवला?"

शेवंता, माझी बायको, भट्टीपाशी होती. तिनं कापडाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"आज लाल लावलाच कोठी आपण?" ती म्हणाली. "आज निळ्याचा दिस हाय. पाय दाखवा बरं तुमचा."

डाव्या तळव्याला, करंगळीच्या बुडाशी, भट्टीतला निखारा चिकटून विझला होता. कातडं जळून आत खड्डा पडला होता आणि त्यातून रक्त चालू होतं. त्या पायानं मी तासभर अंगणभर फिरलो होतो आणि मला काहीही कळलं नव्हतं. हयातभर रंग ओळखून पोट भरलेला माणूस स्वतःच्या रक्ताला रंग समजला, याची मला आजही लाज वाटते.

खरं सांगतो, पहिल्यांदा भीती वाटली नाही, नवल वाटलं. मी शेवंतेला सुई आणायला लावली. "टोचत जा, मी सांगतो कोठून कळते ते." ती टोचत वर वर आली. घोट्याच्या चार बोटं वर आल्यावर मला पहिल्यांदा टोचलं. तिथं तिनं निळीचं बोट ओढलं. दुसऱ्या पायालाही तशीच रेघ निघाली, थोडी खाली. त्या रेघांच्या खालचे दोन्ही पाय माझे असून माझे नव्हते. शेवंतेनं सुई बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आता खेळ पुरे करा आन् दवाखान्यात चला."

मुंग्या

आमचे डॉक्टर मोजकं बोलणारे. पाय पाहिला, आणि पायाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"तहान फार लागते का? लघवीला किती वेळा जाता? लघवीच्या जागी मुंग्या येतात का?"

मी सांगितलं, तहान लागते, भट्टीपाशी काम म्हटल्यावर लागणारच. मुंग्या तर दोन वर्षांपासून आहेत.

"मग दोन वर्षांपूर्वी का नाही आलात?"

त्यांना कसं सांगणार? काळा रंग करायचा तर आम्ही लोखंडाचे तुकडे, गूळ आणि पाणी माठात घालून पंधरा दिवस कुजू देतो. तसा माठ आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात बापाच्या वेळेपासून पुरलेला, आणि मोरीही त्याच कोपऱ्यात. मुंग्यांची रांग दिसली की मी म्हणायचो, माठ पाझरून राह्यला. दोन वर्षांत मी दोनदा माठ बदलला. मुंग्या काही हटल्या नाहीत. दुसऱ्या कोणाच्या घरी हे लगेच लक्षात आलं असतं. आमच्या घरी मुंग्यांना कारण आधीपासूनच हजर होतं.

डॉक्टरांनी हबीबभाईंना हाक मारली. हबीबभाई म्हणजे त्यांचे कंपाउंडर, माझ्याच वयाचे, दाढीला मेंदी लावणारे. त्यांनी काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध ओतलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं.

"पह्यले नुसतं तापवाचं," ते म्हणाले. "निळंच राह्यलं पाह्यजे. मंग आठ थेंब."

मी ऐकलं नाही. मी त्या निळ्याकडे पाहत होतो. तो मोरचुदीचा निळा होता, हे मी बसल्या जागेवरून ओळखलं होतं आणि त्यातच खूश होतो. मोरचूद आमच्याही दुकानात डब्यात असते, रंग पक्का करायला लागते. हबीबभाईंनी माझ्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी पुन्हा दिव्यावर धरली. निळ्याचा हिरवा झाला. हिरव्यात पिवळा उतरला. पिवळ्याचा नारिंगी, आणि बघता बघता नळीभर विटकरी. इतके रंग एका नळीत, एका दमात चढताना मी जन्मात पाहिले नव्हते. माझ्या तोंडून "वाह" निघून गेलं.

"वाह काय म्हनता, सदूभाऊ?" हबीबभाई म्हणाले. "हे चांगलं नाई."

डॉक्टरांनी सांगितलं की मधुमेह आहे, जन्माचा सोबती आहे, आणि पायाचं आजच पाहावं लागेल. तेव्हा मात्र मी घाबरलो. माझा बाप छप्पन्नाव्या वर्षी गेला. त्याचाही पाय असाच काळा पडत गेला होता. लोक म्हणाले, रंगाचं विष चढलं, आणि आम्ही ते खरं मानलं. मी बावन्न वर्षांचा होतो. घरी येताना मी मनात चार वर्षं मोजत होतो.

खाट नंबर नऊ

यवतमाळला मोठ्या दवाखान्यात मी चोवीस दिवस होतो. करंगळी गेली. ती काढल्याचं मला दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर दिसलं, आणि मी डोळे मिटून घेतले नाहीत, नीट पाहून घेतलं. आपलंच आहे तर पाहायला काय हरकत?

तिथला दिवस ठरलेला. पहाटे झाडूवाली, मग चहा, तो माझ्यासाठी बिनसाखरेचा. मग नर्सबाई सुई घेऊन यायच्या. आठ वाजता पट्टी. पट्टी सोडताना आजूबाजूचे लोक किंचाळायचे. मला तिथं दुखायचंच नाही, म्हणून नर्सबाई मला शहाणा पेशंट म्हणायच्या. यात शहाणपण माझं नव्हतं, मेलेल्या कातड्याचं होतं. शेवंता व्हरांड्यात इतर बायकांसोबत राहिली, तीन दगडांच्या चुलीवर ज्वारीची भाकर करायची आणि मोजून दोन मला आणून द्यायची. तिसरी मागितली की म्हणायची, "डाक्टरले विचारते अन् देते." ती कधीच विचारायला गेली नाही.

शेजारच्या खाटेवर दारव्ह्याचे देवरावजी होते, कापसाचे दलाल, साठीचे, गोड माणूस. दुखणं माझंच, पण जुनं. त्यांच्या ट्रंकेत धोतरांच्या खाली पेढे असत. मला म्हणायचे, "घ्या सदाशिवराव, साठी झाली. आता जिभेले उपाशी ठेवून वाचवाचं कोनासाठी?" मी घेतला नाही असं म्हणणार नाही. एकदा घेतला.

माझ्या तिथल्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा पाय गुडघ्याखालून काढला. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हळूच हाक मारली. "माह्या पायाचा अंगठा खाजून राह्यला. जरा खाजवता का?" मला वाटलं उजव्या पायाचा म्हणतात. ते म्हणाले, नाही, डाव्याचाच, जो नाही त्याचा. मी विचारलं, "कोठी खाजते नेमकं?" त्यांनी रिकाम्या चादरीवर एक जागा दाखवली. मी लंगडत गेलो आणि ती चादर खाजवली. त्यांनी डोळे मिटले. "हाव, तथीच," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं. असलेल्या पायात मला काही कळत नव्हतं आणि नसलेल्या पायात त्यांना सगळं कळत होतं. याचा उलगडा मी तिथल्या डॉक्टरांना विचारला, तर ते म्हणाले, आम्हालाही नीट माहीत नाही. खरं बोलले, म्हणून मला ते आवडले.

पण त्या दिवसापासून पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं: साखर ताब्यात आली तर जखम भरेल. दसऱ्यापर्यंत भरली नाही तर नागपूरला जाऊन घोट्यावरून पाऊल काढावं लागेल. रंगाऱ्याचं सगळं काम उभ्यानं. पाऊल गेलं म्हणजे दुकान गेलं, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आंबा, दूध, साखर

घरी आल्यावर हबीबभाईंनी मला सुई टोचायला शिकवलं. सुईच्या औषधाची बाटली आम्ही पाण्याच्या माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवायचो. एक नळी, एक दिवा आणि निळ्या औषधाची महिनाभर पुरेल अशी बाटली त्यांनी दिली. "रोज सकाळी पाहाचं आन् लिहून ठेवाचं. हिरवं, पिवळं, नारिंगी, लाल. बस."

चारच रंग? मला ते पटेना. हिरवा म्हणजे कोणता हिरवा? मी वहीत लिहायला लागलो: पोपटी, धानी, अंगुरी, हळदी, शेंदरी, गेरू, विटकरी. असे अकरा झाले. डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, ती वही दर आठवड्याला दाखवत जा. आदल्या दिवशी काय खाल्लं आणि सकाळी कोणता रंग आला, हे समोरासमोर लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मलाही एवढी मजा कामात कित्येक वर्षांत आली नव्हती. दुखणं विसरून मी सकाळची वाट पाहायचो.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला वाटलं, लघवीच कशाला, सगळंच तपासू. दुधाचे थेंब टाकले, नारिंगी झालं. आंब्याचा रस, विटकरी. भाकरीचं पाणी टाकलं, निळंच राहिलं. मला आनंद झाला आणि त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या. मग साखरेचं पाणी टाकलं. ते पण निळंच! मी नळी घेऊन लंगडत दवाखान्यात गेलो. "हबीबभाई, तुमचं औषध साखरेलेच ओळखत नाई." हबीबभाईंनी स्वतः करून पाहिलं आणि डोकं खाजवलं. शेवटी डॉक्टरांनी समजावलं की दुकानातली साखर वेगळ्या जातीची आहे, पोटात गेल्यावर ती फुटते आणि मग हे औषध तिला ओळखतं. भाकरीचंही तसंच. "म्हणून दोन सांगितल्या होत्या," ते म्हणाले, "चार नाही." महिन्याची बाटली मी नऊ दिवसांत संपवली.

त्याच दिवसांत समकीयाडी आली. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई, तांड्यातले सगळे तिला तसंच म्हणतात. सत्तरीची बाई, पाच मैलांवरच्या तांड्यावरून पायी येते, डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं. तिला हवा तो लाल मीच करून द्यावा असा तिचा हट्ट. मी खाटेवर पाय वर करून बसलेला पाहून तिला हसूच आलं.

"तू तं मह्यापरीस लहान हायेस, रंगारी. बसून काहून राह्यला?"

"पाय बिघडला, याडी."

"पाय बसून बिघडते," ती म्हणाली. "लोखंड पाहा. पडून राह्यलं का गंजते." तिनं माझ्या खाटेपाशी गाठोडं सोडलं आणि बसल्या बसल्याच मला लाल पारखायला लावला. त्या दिवशी मी काठी घेऊन भट्टीपर्यंत चालत गेलो. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, जखम सांभाळून पण चालत राहा.

मोरचूद, सोडा आणि चिंच

पुढे महिन्याला एक बाटली मिळत गेली. श्रावणातली यवतमाळहून यायची होती. पावसानं रस्ता तुटला आणि ती आली नाही. मी हबीबभाईंना विचारलं, यात असतं काय? ते म्हणाले, मोरचूद, धुण्याच्या सोड्यासारखा सोडा, आणि तिसरं एक पांढरं मीठ, लिंबाच्या आंबटापासून करतात ते.

मोरचूद माझ्या घरी. सोडा माझ्या घरी. राहिलं आंबट. आता रंगाऱ्याला आंबट म्हटलं की दुसरं काय सुचणार? रंगाला आंबट द्यायचं तर पिढ्यान् पिढ्या आम्ही चिंच घालतो. मी चिंचेचा कोळ काढला, दोनदा फडक्यातून गाळला, सोडा घातला, मोरचूद घातली. सुरेख निळं झालं. किंचित मळकट, पण निळं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी ते गल्लीत चार लोकांना दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नळी तापवली. शेंदरी.

आदल्या आठवड्यात मी अंगुरीपर्यंत उतरलो होतो. मी त्या दिवशी एकच भाकर खाल्ली. सकाळी पुन्हा शेंदरी. मी अर्धी खाल्ली. विटकरी. मी वरणाचं नुसतं पाणी प्यायलो, आणि नळी विटकरीच. जखम मात्र मधल्या काळात थोडी सुकली होती, पण मी पायाकडे पाहतच नव्हतो, नळीकडे पाहत होतो. दसऱ्याला दीड महिना उरला होता. मला देवरावजींची ती चादर दिसायला लागली.

खात मी नाही, तर साखर येते कुठून? याचं उत्तर मला एकच सुचलं. जेवण शेवंता करते. दया येऊन ती वरणात गूळ घालते. विदर्भात वरणात गूळ कोण घालत नाही? मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून.

"तुमी दवाखान्यातून आल्यापासून चुलीपाशी गुळाचा खडा आनला नाई म्या," ती म्हणाली. "मीच खाल्ला नाई त तुमाले कोठून घालू?"

मी विश्वास ठेवला नाही. काळ्या रंगासाठी गूळ होता तो मी माझ्या पेटीत घालून कुलूप लावलं. चुलीपाशी स्वतः बसून माझं वरण वेगळं शिजवायला लागलो. नळी तरीही लाल. मग मी तिच्याशी बोलणं सोडलं. एका छपराखाली आम्ही बारा दिवस बोललो नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं झालं. आणि त्याहून मोठा गाढवपणा मी आणखी एक केला: कोणाला न विचारता सुईचं औषध रोज पिचकारीवरच्या दोन रेघा वाढवत गेलो. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कोणी सुई घेत असेल तर हे एवढं लक्षात ठेवा. औषधाची रेघ डॉक्टरांनी ठरवायची असते.

गूळ

बाराव्या दिवशी सकाळी मी भट्टीपाशी उभा होतो आणि अंगणातले सगळे रंग एकदम पांढुरके झाले. घाम सुटला. हात कापायला लागले. मी दोरीवरचं लुगडं धरलं आणि लुगड्यासकट खाली आलो.

हबीबभाईंनी आम्हा दोघांना सांगून ठेवलं होतं की असा घाम आणि कापरं भरलं तर गूळ द्यायचा, आधी गूळ, मग डॉक्टर. शेवंतेनं माझ्या कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि गुळाचं पाणी करून आणलं. मला तोंडात गोड लागलं. मी ते थुंकून टाकलं. अर्धवट शुद्धीत मी म्हणालो, "पाह्य, सापडली ना चारून राह्यली तं." तिनं एका हातानं माझं नाक दाबलं आणि दुसऱ्या हातानं वाटी तोंडात ओतली. पाच मिनिटांत अंगणातले रंग परत आले.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. ती आत गेली आणि माझा दिवा, नळी आणि बाटली घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर बसली. बाटलीतलं निळं नळीत ओतलं. मग रांजणातलं पाणी घेतलं, नुसतं पिण्याचं पाणी, आणि मला दाखवत त्याचे आठ थेंब मोजून टाकले. नळी दिव्यावर धरली.

हिरवा. पिवळा. शेंदरी.

"रांजनाले बी गूळ चारला वाटते म्या," शेवंता म्हणाली.

मी नळीकडे पाहत राहिलो. मग मला चिंच आठवली. चिंच आंबट असते तशी गोडही असते, हे पाच वर्षांच्या पोराला ठाऊक आहे. मीच बाटलीत गोड कालवलं होतं आणि रोज सकाळी तेच तापवून घाबरत होतो. नुसतं औषध आधी तापवून पाहायचं, हे हबीबभाईंनी पहिल्याच दिवशी करून दाखवलं होतं.

मी हसायला लागलो आणि हसता हसता रडलो. शेवंता हसली नाही. "बारा दिस," ती म्हणाली. "मी काय सोंग करते, असं तुमाले वाटलंच कसं?" मी चुकलो, असं मी म्हणालो. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि हे शब्द मी तिला पहिल्यांदा म्हणत होतो. तिनं बाटली उचलली आणि मोरीत ओतून दिली.

डॉक्टर माझ्यावर असे तापले की बोलायची सोय नव्हती. पण हबीबभाईंनी रस्ता सुरू झाल्या झाल्या बाटली आणवली. खऱ्या औषधात माझा रंग धानी निघाला.

दसरा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली ती परत बांधली नाही. खड्ड्यावर नवं गुलाबी कातडं आलं होतं. नागपूर टळलं. देवरावजींना मी पोस्टकार्ड टाकलं. त्यांचं उत्तर मुलाच्या हातचं आलं, की वडील काठ्यांवर चालतात, पेढे सोडले आहेत आणि आता पेढे खाणाऱ्यांना शिव्या देतात.

त्यानंतर पाच वर्षं झाली. मी बापाच्या वयाच्या पुढे आलो आहे. काय करतो ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला. सकाळी चपला घालायच्या आधी आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे पाहतो. पायांना कळत नाही, तर डोळ्यांनी कळून घ्यायचं. भट्टीपाशी बूट घालतो, त्याला आधी गल्ली हसली. रोज दोन मैल चालतो. दोन भाकरी. आणि म्हातारपणी शरीर जी खबर देतं तिचं कारण घाईनं ठरवत नाही. मुंग्यांचं कारण मी ठरवलं होतं, लाल पावलांचं ठरवलं होतं, विटकरी नळीचंही ठरवलं होतं. तिन्ही वेळा माझा धंदाच आडवा आला.

पौषातली सकाळ

एक गोष्ट राहिली. पाय बरा झाला त्याच वर्षीच्या पौषातली.

हबीबभाई म्हणायचे, चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानं एकदा तरी तपासून घ्यावं. मला निमित्तच हवं होतं. मी गल्लीतल्या शिंप्याची तपासली, सायकलवाल्याची तपासली, एका भटजींना नाही म्हणता म्हणता राजी केलं. सगळे निळे निघाले आणि मला चहा पाजून गेले. मी मोठा वैद्य झालो होतो.

एका सकाळी माझी नळी धानी निघाली, मी वहीत लिहिलं आणि दिवा विझवणार तेवढ्यात शेवंतेनं वाटी पुढे केली.

"आज माही पाहा."

"तुले काय धाड भरली?"

"पाहा म्हनते ना."

मी औषध नुसतं तापवलं, निळं राहिलं. आठ थेंब टाकले. ती चुलीकडे वळून भाकर थापत होती. हिरवा आला. पिवळा आला. मला वाटलं, इथं थांबावं. मी नळी दिव्यापासून थोडी दूर नेली, मग स्वतःचीच लाज वाटून परत धरली. रंग पुढे चढला. दुधाची तपासणी केली होती मी, आंब्याची केली होती, सायकलवाल्याची केली होती. बारा दिवस जिच्यावर गुळाचा आळ घेतला, जी मला वाढून मागून उरलेलं खात होती, तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"कोनता आला?" तिनं न वळता विचारलं.

"हिरवा," मी म्हणालो. गिऱ्हाइकाला मी आजवर कधी खोटा रंग सांगितला नव्हता.

ती उठली. हाताचं पीठ पदराला पुसलं, माझ्या हातातून नळी घेतली आणि दाराशी उजेडात नेली. बराच वेळ पाहिली.

"एकतीस वर्सं झाली तुमच्या संगं रंग करून राह्यली म्या," ती म्हणाली. "हा नारिंगी हाय."

मी दिवा विझवला. ती परत चुलीपाशी बसली आणि तव्यावरची भाकर उलटली.

"दोन तुमच्या झाल्या," ती म्हणाली. "आता माह्या तुमी मोजा."